वरचे दोन अंश

संत्र्याच्या हंगामात त्या कारखान्यात कामाला असलेल्या माणसाला आपण जागे आहोत की झोपेत, हे छातीठोकपणे सांगता येत नसे. सकाळी फाटकातून आत पाऊल टाकलं की जो वास यायचा, तो नाकात शिरायच्या आधी डोळ्यांवर यायचा. पापण्या जड व्हायच्या, पाय हलके व्हायचे, आणि हजेरी लावून माणूस आपल्या जागेवर पोचेपर्यंत निम्मा कुठेतरी दुसरीकडेच गेलेला असायचा. उरलेल्या निम्म्यावर कारखाना चालायचा, आणि बरा चालायचा.

तिथे रस आटवायचं काम चाले. संत्र्याचा रस काढायचा, त्यातलं पाणी वाफ करून उडवायचं, उरलेला दाट अर्क पिंपांत भरायचा आणि पिंपं दूरदेशी धाडायची. तिकडे कुणीतरी तीच पिंपं फोडून, काढलं होतं तेवढं पाणी नळाचं परत घालायचं आणि रस म्हणून विकायचा. या धंद्याकडे टक्क डोळे उघडून पाहिलं तर हसूच फुटेल. म्हणून तर तो वास.

आटवणी विभागाची प्रमुख एक बाई होती. ती रीतसर शिकलेली होती, मुलाखत देऊन लागलेली होती आणि तिचं लग्न त्यानंतर झालेलं होतं. पण तिचे सासरे म्हणजे या विभागाचे जुने मिस्त्री, आणि मिस्त्रींची सून ती साऱ्या कारखान्याची सूनबाई, असा हिशेब लोकांनी परस्पर करून टाकला. वयाने दुप्पट असलेला फिटरही तिला सूनबाईच म्हणे आणि नुकता चिकटलेला पोरगेला मदतनीसही. सुरुवातीला ती चिडायची. मग चिडणं आटलं.

तिचं यंत्र म्हणजे एकाला एक जोडलेली तीन उंच पोलादी भांडी. बॉयलरची ताजी, कडक वाफ मिळायची ती फक्त पहिल्याला. पहिल्यात रस उकळून जी वाफ निघे, तिच्यावर दुसरं भांडं उकळे, आणि दुसऱ्याच्या उष्ट्या वाफेवर तिसरं. भांड्यांतली हवा पंपाने ओढून घेतलेली असे, त्यामुळे रस तिथे हात पोळेल न पोळेल एवढ्या उष्णतेवरच उकळ्या फोडायचा. तिसऱ्या भांड्याला एक गोल काच होती. तिच्यातून आत पाहिलं की केशरी रस अंगावर बुडबुडे घेऊन सावकाश वर चढताना दिसायचा, वर जाऊन फुटायचा, परत चढायचा. दुपारच्या वेळी सूनबाई त्या काचेला नाक लावून उभी राहिली की तिला हाक मारूनही ऐकू जात नसे. ती आत काय बघते, असं फिटरने एकदा विचारलं, तेव्हा तिने खरं सांगितलं. तिला आत पाऊस पडतो आहे असं वाटायचं, फक्त खालून वर.

घरी तिच्या सासूबाई या यंत्राला 'सवत' म्हणत. त्यांच्या संसाराची सगळी वर्षं मिस्त्री घरी उशिरा आले होते. आटवणी संपत आली तरी हा माणूस यंत्र सोडायचा नाही. जेवण निवायचं, पोर झोपून जायचं, आणि मग दारात संत्र्याचा वास यायचा आणि त्याच्यामागून मिस्त्री. "आली का सवतीची परवानगी?" हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. मिस्त्री मान खाली घालून हसायचे आणि जेवायला बसायचे. त्या हसण्याचा सासूबाईंना फार राग यायचा.

आता मिस्त्री अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. ते वाईट नव्हते, त्रासाचेही नव्हते. फक्त कुठल्याही दिवसात सहज फिरून येत. सकाळी ते आजोबा असत, दुपारपर्यंत तरणेताठे झालेले असत, आणि संध्याकाळी सूनबाई घरी आली की तिला ओळखून एकच प्रश्न विचारत.

"कितीवर सोडलं?"

"सदुसष्ट, बाबा."

"हं," असं म्हणून ते डोळे मिटत, आणि मग त्यांना शांत झोप लागे.

हे सदुसष्ट म्हणजे अर्काचा दाटपणा. दुर्बिणीसारखं एक बोटभर उपकरण असतं, त्याच्या काचेवर अर्काचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आत अंश दिसतात. गिऱ्हाईक पासष्ट अंश मागत असे. या कारखान्यात मात्र अर्क सदुसष्टाला पोचल्याशिवाय खाली सोडायचा नाही, असा मिस्त्रींनी घातलेला दंडक होता. दाट असला की टिकतो, एवढंच कारण ते देत. कुणी हरकत घेतली नव्हती. दाट माल दिला म्हणून कुठल्या गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली आहे?

मिस्त्रींच्या कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी सूनबाईचा हात धरून यंत्राच्या कोमट पोटावर ठेवला होता.

"पोरी, काही झालं तरी सदुसष्टाच्या खाली सोडायचं नाही. शब्द दे मला."

बाहेर लोक निरोपाच्या चहासाठी खोळंबले होते. सूनबाईने घाईघाईने शब्द देऊन टाकला. कशासाठी, हे तिने विचारलं नाही. शब्द देताना माणूस असंच करतो.

त्या शब्दाने आता तिचा गळा धरला होता. हंगामाच्या सुरुवातीला वरून निरोप आला होता की हा आटवणी विभाग वाफ फार खातो. पिंपामागे जी वाफ जळते, ती हंगाम संपेपर्यंत ठरवलेल्या मर्यादेत आली तर ठीक. नाहीतर विभाग बंद, यंत्र भंगारात, आणि रस टँकरने दुसऱ्या कारखान्यात. विभागातल्या माणसांचं काय, हे निरोपात नव्हतं, पण ते सगळ्यांना कळलं. फिटरच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पंपावरच्या बाईला दुसरीकडे कुणी घेणार नव्हतं. सूनबाई शिकलेली, तिचं निभावलं असतं. पण त्या काचेतला उलटा पाऊस पुन्हा दिसला नसता, आणि तिच्या हाताखालची माणसं तिच्या डोळ्यांदेखत पांगली असती. तिला रात्र रात्र झोप नव्हती आणि दिवसा त्या वासात जाग नव्हती.

तिने पदर खोचला, म्हणजे कारखान्याचा अंगरखा घालून जे काही खोचता येतं ते खोचलं, आणि कामाला लागली. मदतीला वरच्या कचेरीतून एक साहेब आले. त्यांच्या हातात पिस्तुलासारखं उष्णता मोजायचं यंत्र असे. ते नळ्यांवर, भिंतींवर, एकदा तर चहाच्या कपावरही रोखून त्यांनी आकडा वाचला होता. त्यामुळे आल्या दिवसापासून ते बंदूकवाले साहेब झाले. माणूस मनाने चांगला होता. तोही दोन दिवसांत वासाला बळी पडला आणि मोजता मोजता गुणगुणायला लागला.

दोघांनी मिळून वाफेची चोरी शोधून काढली. उघड्या नळ्यांना कापडात बांधल्यासारखं जाड पांघरूण घातलं. फुसफुसणारे व्हॉल्व्ह बदलले. आत जाणाऱ्या थंड रसाला बाहेर पडणाऱ्या गरम अर्काच्या शेजारून नेलं, म्हणजे एकाची ऊब दुसऱ्याला मिळेल. आतून करपलेल्या नळ्या खरवडून लख्ख केल्या. दर आठवड्याला वाफ कमी होत गेली. फिटर तर खुशीत येऊन बॉयलरला "बस, पोट भरलं" असं म्हणू लागला. आणि मग काटा मर्यादेच्या थोडा वर येऊन जो अडकला, तो हलेचना.

"आता राहिलं काय?" सूनबाईने विचारलं.

बंदूकवाले साहेब तिसऱ्या भांड्याकडे बघत म्हणाले, "राहिले तुमचे वरचे दोन अंश."

"ते सोडून बोला."

"ते सोडून काही नाही हो. पातळ रसातलं पाणी भराभर उडतं. पण अर्क दाट झाला की जागचा हलत नाही, वाफ घेत नाही, नळ्यांना चिकटतो. शेवटच्या दोन अंशांना जेवढं जाळता, तेवढ्यात खालचे कितीतरी होतात. आणि हे दोन अंश मागितलेत कुणी?"

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ती शिकली होती ते हेच. पण ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की पळवाट बंद होते. "बघते," म्हणाली आणि काचेपाशी जाऊन उभी राहिली.

तिने एकदा चाचपणी करून पाहिली. संध्याकाळी घरी आल्यावर मिस्त्रींनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा ती मुद्दाम सहज आवाजात म्हणाली, "आज सहासष्ट, बाबा."

मिस्त्रींनी डोळे उघडले. मग उशीवरून मान उचलली. मग पाय खाटेखाली सोडून चपला शोधू लागले. महिनोन् महिने ज्यांना दोघांनी धरून बसवावं लागत होतं, ते मिस्त्री एकट्याने उठून उभे राहिले.

"बाबा, अहो कुठे निघालात?"

"बंद केलंस? आत्ताच बंद केलंस? अजून सुट्टी नाही झाली बायकांची!"

"कुठल्या बायकांची?"

पण ते ऐकण्याच्या पलीकडे होते. सासूबाई धावत आल्या. दोघींनी त्यांना धरून निजवलं. "सदुसष्ट, बाबा, सदुसष्टच. मी चुकून बोलले," असं सूनबाई त्यांच्या छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, तेव्हा कुठे ते निवले. ती खोलीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून रडली. यंत्र वाचवायचं तर या माणसाला उठून त्या चपला शोधायला लावायचं, आणि या माणसाला झोपू द्यायचं तर सगळ्यांना घरी बसवायचं. नवरा ट्रकवर, आठवड्याने येणारा. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "खोटं बोल की. बाबांना काय कळतंय?" पण ती आजवर या एका प्रश्नाला खोटं बोलली नव्हती. दिवसभरात त्यांच्या हाताला लागणारी खरी गोष्ट ती एवढीच होती. ती काढून घ्यायला तिचं मन धजेना.

हंगाम सरत आला. वास पातळ व्हायला लागला, तसे लोक थोडे थोडे जागे झाले आणि एकमेकांची तोंडं चुकवू लागले. अशा एका दुपारी बंदूकवाल्या साहेबांनी विरंगुळा म्हणून मागच्या भिंतीवर बंदूक रोखली आणि चमकले.

"सूनबाई, ही भिंत का गरम आहे?"

भिंतीत एक नळी गाडलेली होती. तिच्यावर इतके रंगाचे हात चढले होते की ती भिंतीचाच फुगवटा वाटे. रसातून निघालेली वाफ शेवटी थंड होऊन तिचं पाणी होतं. चांगलं कढत, स्वच्छ पाणी. ते गटारात जातं असं सगळे धरून चालले होते. सूनबाई आणि फिटर त्या नळीचा माग काढत निघाले. नळी भिंतीतून बाहेर गेली, पत्र्याच्या छपराखालून वळली, जुन्या, संत्री निवडायच्या शेडच्या पाठीमागे उतरली. तिथे आता रिकामी पिंपं रचून ठेवत. पिंपांमागून अंग चोरून दोघं पलीकडे गेले, आणि सूनबाई थबकली.

तिथे सिमेंटचा एक लांबलचक हौद होता. माणसाच्या कमरेएवढा उंच, दहा-बारा जणांना शेजारी शेजारी उभं राहता येईल एवढा. नळी त्याच्यात पडत होती. हौद काठोकाठ भरून पाणी पलीकडच्या गटारात ओसंडत होतं आणि त्याच्यावर वाफ तरंगत होती. वाफेला संत्र्याचा वास होता, अगदी पुसट. हौदाच्या काठावर शेवाळ, आणि उबेला एक मांजर झोपलेलं. कुणी नव्हतं. तरी सूनबाईला वाटलं की इथून आत्ता आत्ताच बरीच माणसं उठून गेली आहेत.

"हे काय आहे?" तिने हळूच विचारलं.

फिटर डोकं खाजवत म्हणाला, "अगं, निवडणीच्या बायका हात धुवायच्या इथे. तेव्हा संत्री हाताने निवडत ना. दिवसभर गार पाण्यात हात, वर सालीचं तेल, आंबट रस. बोटं चिरून जायची बिचाऱ्यांची. सुट्टी झाली की सगळ्या इथे यायच्या, ऊन पाण्यात हात घालून उभ्या राहायच्या. मग निवडायचं यंत्र आलं, बायका गेल्या. नळी कुणी बंद केली नाही."

"यंत्र बंद झालं की पाणी बंद होत असेल."

"होणारच. पण बायकांची सुट्टी व्हायच्या आत यंत्र कधी बंद झालेलं मला तरी आठवत नाही."

सूनबाईने वर पाहिलं. हौदाच्या बरोबर समोर, भिंतीत उंचावर, आटवणी विभागाची एक बारीक खिडकी होती. ती पळतच जिना चढून आत गेली. त्या खिडकीपाशी मिस्त्रींचं जुनं स्टूल होतं. त्यावर बसली. यंत्राचे सगळे काटे तिच्या पाठीमागे गेले. समोर दिसत होता फक्त हौद. चौकटीचा रंग एका जागी कोपराएवढा झिजला होता. तिने आपलं कोपर तिथे ठेवून पाहिलं आणि ते बरोबर बसलं.

यंत्र पासष्टावर थांबवलं असतं तर बायकांच्या सुट्टीआधीच थंड पडलं असतं. बायकांच्या हातांसाठी यंत्र चालू ठेवतो म्हटलं असतं तर कुणी ठेवू दिलं असतं? पण दाट अर्क टिकतो, याला कोण नाही म्हणणार. सूनबाई स्टुलावर बसून राहिली आणि तिला उमाळ्यावर उमाळे येऊ लागले. खाली हौदावरची वाफ सावकाश हलत होती. त्या दुपारी तिथे किती बायका उभ्या होत्या हे तिला विचारलं असतं, तर तिने शपथेवर सांगितलं असतं की हौद भरलेला होता.

त्या संध्याकाळी ती मिस्त्रींच्या उशाशी बसली. खिडकीतून पिवळं ऊन आत आलं होतं आणि मिस्त्री कुठल्यातरी चांगल्या दिवसात होते.

"कितीवर सोडलं?"

"सदुसष्ट. बाबा, हौदावर कोण उभं आहे?"

ते ओठांत हसले. मान खाली घालून हसण्याचं ते जुनं हसू.

"ती आहे ना, कडेची. लांब वेणीची. कुणाशी बोलत नाही." मग आवाज खाली आणून, जणू खोलीत आणखी कुणी आहे असं म्हणाले, "हात बघितलेस तिचे? रक्त येतं गं. मी गाळणी बदलायला गेलो तेव्हा बघितले. मला काही बोलता येईना. काय बोलणार? ओळख ना पाळख. म्हटलं, पाणी तरी ऊन मिळू दे तिला. दोन अंश वर गेले तर कुणाचं काय जातं?"

"मग? बोललात की नाही तिच्याशी?"

"लग्नच केलं," मिस्त्री म्हणाले आणि झोपी गेले.

सूनबाई स्वयंपाकघरात गेली. सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून चहा गाळत होत्या. त्यांची वेणी आता बोटभर उरली होती. सूनबाईने त्यांना सगळं सांगितलं, नळीपासून कोपरापर्यंत. सांगताना तिला दोनदा थांबावं लागलं. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. गाळणी रिकामी झाली तरी त्या ती कपावर तशीच धरून होत्या.

"माझ्यासाठी?" शेवटी त्या म्हणाल्या.

"तुमच्यासाठी."

"लग्नानंतरसुद्धा? पोर झाल्यावर मी काम सोडलं, त्यानंतरसुद्धा?"

"इतर बायका होत्या ना, आई. त्यांना सवय झाली होती. आणि मग बहुतेक बाबांनाच सवय झाली."

"आणि मी इकडे सवत सवत करत बसले," सासूबाई म्हणाल्या. "सांगायला काय झालं होतं या माणसाला? तोंड शिवलं होतं का?" त्या रागावल्या होत्या, खऱ्याखुऱ्या रागावल्या होत्या, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून डोळे तसेच वाहत होते. मग त्या एकदम हसायला लागल्या. सूनबाई घाबरली.

"काय झालं, आई?"

"अगं, मी त्या पाण्यात कधी हात घातलेच नाहीत!"

"म्हणजे?"

"चिरलेली बोटं, त्यात आंबट रस मुरलेला, आणि वर ऊन पाणी? आग आग व्हायची नुसती! पहिल्या दिवशी घातले आणि बोंबलले. त्यानंतर कध्धी नाही. मी आपली कडेला उभी राहायची आणि हात नुसते वर धरायची. वाफ छान लागायची गं. मी तिथे उभी राहून डोळे मिटायची. दिवसात तेवढीच एक घटका माझी होती." त्या थांबल्या. "त्यांना वरून वाटलं असेल, बुडवलेत."

केवढी वाफ, केवढ्या वर्षांची! एका माणसाने एका बाईच्या हातांसाठी बॉयलर धगधगत ठेवला होता, आणि तिने हात पाण्यात घातलेच नव्हते. बंदूकवाल्या साहेबांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. तरी हे सगळं फुकट गेलं असं म्हणायला सूनबाईची जीभ रेटली नसती.

"आई," ती म्हणाली, "हंगाम संपायला आला. मला यंत्र पासष्टावर थांबवायला हवं आणि ते हौदाचं ऊन पाणी परत बॉयलरकडे वळवायला हवं. नाहीतर विभाग जातो. पण मी शब्द दिलाय. बाबांना मी काय सांगू?"

सासूबाईंनी गाळणी खाली ठेवली. "तू काही सांगू नकोस. हा तुझा मामला नाही." त्यांनी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला आणि खोलीकडे निघाल्या. दाराशी थांबून त्या कप तसाच धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग एकही घोट न घेता तो सूनबाईच्या हातात दिला आणि आत गेल्या.

मिस्त्री जागे झाले होते. ऊन भिंतीवर चढलं होतं.

"अहो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी खाटेवर बसल्या.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना कोण दिसत होतं कोण जाणे. "झाली सुट्टी?"

"झाली. हात धुऊन आले."

"ऊन होतं पाणी?"

सूनबाई उंबऱ्यात उभी होती. या सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाचं मन राखायला खोटं बोललेलं तिने ऐकलं नव्हतं. पाहुण्यांना "थांबा" असं तोंडदेखलं म्हणायलाही त्यांना जड जायचं.

"चांगलं ऊन होतं," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. रोजच बुडवते की."

"बघू."

सासूबाईंनी हात पुढे केले. मिस्त्रींनी ते आपल्या हातांत घेतले. चहाच्या कपाने ते खरोखरच उबदार झाले होते. मिस्त्री अंगठ्याने एकेक बोट चाचपत गेले, पेर न् पेर, कुठे काही लागतंय का ते बघत. करंगळीपर्यंत पोचले आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं.

"चिरा कुठे गेल्या?"

"भरल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. कधीच्याच भरल्या. तुमच्या पाण्याने."

मिस्त्रींनी करंगळी पुन्हा एकदा चाचपली. मग मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं आणि सूनबाईला ओळखलं.

"पोरी, यंत्र चालू आहे अजून?"

"चालू आहे, बाबा."

"बंद कर की मग," मिस्त्री म्हणाले. "कशाला उगाच वाफ जाळतेस?"

सासूबाईंनी हात काढून घेतले नाहीत.